ठेवलेला विश्वास आणि ठोठावलेली शिक्षा

नोकराने मालकाच्या मालमत्तेवर हात मारला, तर त्याला परक्या चोरापेक्षा अधिक शिक्षा असावी का, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्याने १८६० सालच्या दंडसंहितेतच देऊन ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ते बहुतांशी तसेच उचलले. साध्या चोरीला पहिल्या वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांचा कारावास आहे. पण कारकुनाने किंवा नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरली तर तो ७ वर्षांपर्यंत जातो (जुने कलम ३८१, नवे ३०६). जी वस्तू मालकाने स्वतःहून नोकराच्या हाती सोपवली होती, तिचाच त्याने अपहार केला तर ते कृत्य चोरी न राहता ‘फौजदारीपात्र न्यासभंग’, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे केलेला विनियोग ठरते आणि त्यालाही ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे (जुने कलम ४०८, नवे ३१६चे पोटकलम ४). हाच न्यासभंग लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा अभिकर्ता या नात्याने केला, तर शिक्षेची मर्यादा १० वर्षे किंवा जन्मठेप इतकी वर जाते.

या उत्तराची पारख वऱ्हाडात करणे उचित आहे, कारण येथील कापसाचा सारा व्यवहार दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या मालावर उभा आहे. शेतकऱ्याचा कापूस गाडीतून बाजारात येतो, अडत्यामार्फत विकला जातो, काट्यावर तोलला जातो, जिनिंगमध्ये त्याची रुई आणि सरकी वेगळी होते, प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात. आणि या प्रत्येक टप्प्यावर माल ज्याचा असतो तो तेथे हजर असतोच असे नाही. याच वऱ्हाडात देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे, म्हणजे पूर्वी अकोला जिल्ह्यात आणि आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या गावी, स्थापन झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढील संवादातील अडते अकोल्याच्या बाजारातील आहेत आणि वकील अमरावतीच्या न्यायालयातील. ते कोणी विशिष्ट गृहस्थ नव्हेत, त्या परिसरातील दोन भूमिकांना दिलेली ती रूपे आहेत.

अडते : वकीलसाहेब, परक्या चोरासाठी दाराला कुलूप असते, चौकीदार असतो, आता कॅमेराही असतो, पण ज्याच्या हाती किल्ली दिली त्याच्यापासून बचाव करण्याचा कोणताच उपाय मालकापाशी नसतो. हंगामात दिवाळीपासून पुढे दिवसाकाठी लाखो रुपयांचा चुकारा दिवाणजीच्या हातून जातो आणि मालकाला प्रत्येक चिठ्ठी तपासता येत नाही. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? आणि बुडतो तो एकटा मालक नव्हे. दिवाणजीने रोकड उचलली की ज्या शेतकऱ्याचा कापूस सकाळी तोलला गेला त्याचा चुकारा अडतो, त्याचे बियाण्याचे देणे थकते आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या अडतीवर जातो. ७ वर्षे ही शिक्षा त्या मानाने कमीच म्हटली पाहिजे.

वकील : शेठजी, नुकसान खरे आहे आणि ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचते हेही खरे. परंतु कायद्याने नोकराला वेगळे का काढले, हे आधी पाहावे लागते. इंग्लंडमध्ये १७९९ साली बेझली नावाच्या बँकेच्या रोखपालाने ग्राहकाने भरलेली १०० पौंडांची नोट पेटीत न टाकता खिशात घातली, तेव्हा न्यायाधीशांना त्याला चोरीबद्दल दोषी धरता आले नाही, कारण ती नोट बँकेच्या ताब्यात कधी गेलीच नव्हती आणि जी वस्तू मालकाच्या ताब्यात नाही तिची चोरी कशी होणार, असा तेव्हाचा नियम होता. ही पळवाट बुजवण्यासाठी त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने नोकरांच्या अपहाराचा स्वतंत्र कायदा केला. म्हणजे वेगळे कलम आले ते प्रथम पळवाट बंद करण्यासाठी. नोकर हा माणूस परक्यापेक्षा अधिक दुष्ट असतो म्हणून नव्हे.

अडते : कलम कशासाठीही आलेले असो, त्यातील तत्त्व जुने आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाच्या नोकरांकडून होणाऱ्या अपहाराचे ४० प्रकार मोजून दाखवले आहेत. राज्य असो की अडत, हाताखालच्या माणसाने तिजोरी पोखरली तर ती उभी राहत नाही, हे त्यालाही दिसले होते.

वकील : त्याच ग्रंथाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. अपहाराचा संशय आला की कोठार सांभाळणारा, हिशेब लिहिणारा, घेणारा, देणारा, देवविणारा आणि मंत्र्याचा सहायक या प्रत्येकाची वेगवेगळी चौकशी करावी, असे कौटिल्य सांगतो. एकटा खालचा माणूस पकडून प्रकरण मिटवावे, असे तो सांगत नाही.

या टप्प्यावर दोघांच्या बोलण्यातील मतभेद वरवरचा वाटतो, पण वकिलांनी पुढे जो दाखला मांडला त्याने तो खोल गेला. जिनिंगच्या आवारातून ४००० रुपये किमतीची सरकीची पोती चोरीला गेली असे समजावे. ती भिंतीवरून उडी मारून आलेल्या परक्या माणसाने नेली, तो पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली, तर नव्या संहितेच्या कलम ३०३ नुसार त्याला तुरुंग नाही. चोरीची किंमत ५००० रुपयांच्या आत असल्याने त्याला ‘सामुदायिक सेवा’, म्हणजे न्यायालय ठरवील ते लोकोपयोगी काम विनामोबदला करण्याची शिक्षा होते. हीच पोती त्याच आवारातील हमालाने नेली, तोही पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्यानेही ती परत केली, तरी ही सवलत त्याला मिळत नाही, कारण ती कलम ३०३ मध्ये लिहिली आहे आणि नोकराच्या चोरीच्या कलम ३०६ मध्ये लिहिलेली नाही. नव्या संहितेतील ही तफावत वऱ्हाडच्या बाजारात फारशी कोणाच्या ध्यानात आलेली नाही. पण जेथे हमाल, मापारी, सालदार आणि महिनदार यांच्या हातूनच सारा माल फिरतो, तेथे तिचा भार नेमका सर्वांत कमी मजुरीवर राबणाऱ्यांवर पडतो, आणि हे अन्यायाचे आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

अडते : हमालाला परक्या चोराइतकेच मोजावे, असे तुमचे म्हणणे आहे का? तो आवारात येतो तोच मुळी मालकाने येऊ दिले म्हणून.

वकील : त्याला आत घेतले हे खरे, पण त्याच्यावर टाकलेला विश्वास किती, हे पाहिले पाहिजे. हमालाला पाठीवर पोते उचलण्यापुरता विश्वास दिलेला असतो. भाव ठरवण्याचा, सही करण्याचा, हिशेब लिहिण्याचा अधिकार त्याला नसतो. दिवाणजीचे तसे नाही आणि जिनिंगच्या व्यवस्थापकाचे तर मुळीच नाही. कायदा या तिघांना ‘कारकून किंवा नोकर’ या एकाच शब्दप्रयोगात गोळा करतो आणि तिघांनाही ७ वर्षांची एकच कमाल मर्यादा लावतो.

अडते : मर्यादा कमाल आहे, वकीलसाहेब. किमान नाही. हमालाला ७ वर्षे द्याच, असे कोणी म्हटलेले नाही. न्यायाधीश कमी देऊ शकतात.

अडत्यांचे हे उत्तर बिनतोड आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात ‘परिवीक्षा’ ही सोय आहे. तीनुसार दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. त्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये, केवळ समज देऊन सोडता येईल अशा गुन्ह्यांची जी नावे घेतली आहेत त्यांत नोकराच्या चोरीचे जुने कलम ३८१ नाव घेऊन घातलेले आहे. म्हणजे ज्यांनी तो अधिनियम केला त्यांना हे नक्की दिसत होते की नोकराच्या चोरीत अशीही प्रकरणे असतात जेथे न्यायालयाची कानउघाडणी पुरेशी असते. परंतु ही सोय वापरायची की नाही हे बहुतांशी न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे आणि ती मर्जी कोणत्या कसोट्यांवर चालवावी याची लिखित मार्गदर्शक तत्त्वे भारतात नाहीत. शिक्षेबाबत अशी तत्त्वे हवीत, असे न्यायमूर्ती मलिमथ समितीने २००३ साली सुचवले होते. ती आजतागायत झालेली नाहीत.

वकिलांनी याच उणिवेवर बोट ठेवले आणि त्याबरोबरच त्या अधिनियमाचा एक विपरीत परिणाम दाखवला. परिवीक्षेवर सोडण्याची मुख्य तरतूद, म्हणजे त्या अधिनियमाचे कलम ४, ज्या गुन्ह्याला जन्मठेप होऊ शकते त्याला लागू होत नाही. लोकसेवकाच्या न्यासभंगाला जन्मठेप होऊ शकते. त्यामुळे ग्रामपंचायतीचा पाणीपट्टी गोळा करणारा कर्मचारी ५०० रुपये जमा न करता वापरून मोकळा झाला, तर त्याला परिवीक्षेचे दार बंद आहे. आणि खासगी कारखान्याच्या व्यवस्थापकाने मालकाचे २० लाख रुपये गिळले, तर ७ वर्षांच्या कमाल मर्यादेमुळे त्याला ते दार निदान कागदावर तरी उघडे आहे. एवढी मोठी तफावत रकमेवरून पडत नाही, विश्वासाच्या खोलीवरूनही पडत नाही. ती पदाच्या नावावरून पडते.

अडते : सरकारी पैसा लोकांचा असतो, म्हणून तेथे कडक राहावेच लागते. आणि रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान, हे तर मुळीच मान्य होण्यासारखे नाही. एसटीच्या वाहकांची प्रकरणे पाहा.

एसटीच्या वाहकाचे उदाहरण खरोखर नीट पाहण्यासारखे आहे, कारण अमरावती–परतवाडा किंवा अकोला–अकोट अशा मार्गावर दिवसभर शेकडो प्रवाशांचे भाडे एकटा माणूस घेतो आणि तिकीट दिले की नाही हे पाहायला महामंडळाचा दुसरा कोणी गाडीत नसतो. मार्गतपासणी पथक अधूनमधून गाडी थांबवते, प्रवासी मोजते, दिलेली तिकिटे मोजते आणि वाहकाच्या पिशवीतील रोकड हिशेबाशी ताडून पाहते. एखाद्या प्रवाशाकडून भाडे घेतलेले आणि तिकीट दिलेले नाही असे आढळले की खातेचौकशी सुरू होते. कर्नाटकातील वाहकांच्या अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने या शतकाच्या आरंभी निःसंदिग्धपणे सांगितले की बडतर्फी योग्य की अयोग्य हे ठरवताना किती रुपये घेतले हा मुख्य मुद्दा नसून विश्वास उरला की नाही हा मुख्य मुद्दा आहे.

वकील : त्या निवाड्यांतील तत्त्व मान्य आहे, शेठजी, पण ते नोकरी टिकवण्याबद्दलचे आहे, तुरुंगाबद्दलचे नाही. ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याला पुन्हा पिशवी देऊ नये, हे कोणीही मान्य करील. पुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे : नोकरी गेली, गावात नाव गेले, दुसरा कोणी ठेवून घेईना, एवढे सारे झाल्यानंतर आणखी किती? महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याने किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी धक्कादायकरीत्या विषम शिक्षा देणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली, ती याच विचाराने. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकीकडे असे म्हटले की नैतिक अधःपतनाच्या गैरवर्तनासाठी उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, जप्त करायला फौजदारी शिक्षा झालेली असणे आवश्यक नाही. आणि त्याच निकालात महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या वाहकांबाबत, भाड्याच्या अपहाराची रक्कम अल्प असल्याचे ध्यानात घेऊन, ही जप्ती २५ टक्क्यांपुरती मर्यादित केली. विश्वास तुटला म्हणून नोकरी गेली, पण उरलेली ७५ टक्के रक्कम त्यांच्या अनेक वर्षांच्या कष्टांची म्हणून त्यांच्याकडे राहिली. तुरुंगाच्या शिक्षेचेही असेच मोजमाप व्हायला हवे.

यावर अडत्यांनी जे म्हटले ते त्यांच्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे होते आणि ते येथे विस्ताराने नोंदवणे आवश्यक आहे. त्यांच्या मते वकिलांची सारी उदाहरणे गरीब नोकर आणि सधन मालक अशी निवडलेली आहेत. पण व्यवहारात पुष्कळदा गरीब असतो तो लुबाडला गेलेला. पतसंस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे रोज दारोदार फिरून दैनिक ठेव गोळा करणारा माणूस, भाजीबाजारात बसलेल्या बाईकडून संध्याकाळी ५० रुपये घेतो, तिच्या पुस्तिकेवर आकडा लिहून सही करतो आणि पैसे संस्थेत भरत नाही. बाईला लिहिता-वाचता येत असो वा नसो, पुस्तिकेवर आकडा दिसतो म्हणून ती निश्चिंत असते, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी पैसे काढायला गेली की खाते रिकामे असल्याचे तिला कळते. रोज घेतलेली रक्कम ५००० पेक्षा किती तरी कमी असते. मग प्रत्येक दिवसाची चोरी वेगळी मोजून अशा माणसालाही सवलत द्यायची का, असा अडत्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुढे नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा दाखला दिला. सुमारे १५० कोटी रुपयांच्या सरकारी रोखे प्रकरणात गुन्हा २००२ साली नोंदवला गेला. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार आणि इतर पाच जणांना ५ वर्षांची सक्तमजुरी आणि दंड सुनावला गेला तो डिसेंबर २०२३ मध्ये, आणि त्यानंतर प्रकरण अपिलात गेले. शेतकऱ्यांच्या ठेवींची बँक मोडकळीला आली आणि पहिला निकाल लागायला २१ वर्षे गेली, तर कलमात जन्मठेप लिहिली काय आणि ७ वर्षे लिहिली काय, ठेवीदाराला त्यातून काय मिळाले?

वकील : येथे तुमच्या-आमच्यात मतभेद उरलाच नाही. पिग्मी एजंटाचे कृत्य हमालाच्या कृत्यापेक्षा किती तरी जड आहे, कारण ते महिनोन्‌महिने चालते, खोट्या नोंदी करून झाकले जाते आणि ज्याला तपासता येत नाही अशा माणसाला फसवते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९८५ साली बॅरिक खटल्यात विश्वासघातकी नोकरांच्या शिक्षेसाठी ज्या कसोट्या सांगितल्या त्या नेमक्या ह्याच : विश्वास किती आणि कोणत्या दर्जाचा होता, प्रकार किती काळ चालला, पैसा कशासाठी वापरला, बळी पडलेल्यावर आणि सहकाऱ्यांवर काय परिणाम झाला, आणि आरोपीचे स्वतःचे काय झाले. रक्कमही त्यांनी मोजली. पण एकटी रक्कम मोजली नाही. आणि निकालाला २१ वर्षे लागत असतील, तर शिक्षेची मर्यादा वाढवून काहीच साधत नाही.

अडते : मग पैसे परत करणाऱ्याचे काय? तुम्ही वकील मंडळी न्यायालयात नेहमी हेच पुढे करता की आरोपीने सर्व रक्कम भरली आहे. ज्याच्याजवळ घर आहे, शेत आहे, तो विकून भरतो आणि सुटतो. ज्याच्याजवळ काही नाही तो आत जातो. भरपाई केली की माफी, असे झाले तर चोरी हे बिनव्याजी कर्ज होऊन बसेल.

वकिलांनी हा आक्षेप मान्य केला आणि तो मान्य करण्याजोगाच आहे. कायद्याची भूमिकाही मुळात अशीच आहे : तात्पुरता केलेला अप्रामाणिक विनियोगसुद्धा अपहारच असतो, हे जुन्या कलम ४०३ च्या स्पष्टीकरणात सांगितलेले आहे, त्यामुळे ‘पगार झाला की भरणार होतो’ हा बचाव चालत नाही. परतफेड गुन्हा पुसू शकत नाही. ती फक्त शिक्षा ठरवताना मोजायची असते, आणि मोजताना ती पकडले जाण्यापूर्वी केली की नंतर, स्वतःच्या कष्टातून केली की नातेवाइकांनी केली, हे पाहिले पाहिजे. हप्त्याने फेडण्याची संधी दिली तर मालमत्ता नसलेल्या नोकरालाही ती वाट मोकळी होते, हे मात्र वकिलांनी आग्रहाने सांगितले आणि ते टाळता येणार नाही.

वकील : आता एक प्रश्न तुम्हालाही विचारायला हवा, शेठजी. बाजारात नोकराने पैसे खाल्ल्याच्या गोष्टी इतक्या ऐकू येतात. त्यांतील किती पोलीस ठाण्यापर्यंत जातात?

अडते : फार थोड्या जातात, हे खरे. वहीचा प्रश्न येतो. कच्च्या चिठ्ठीवर चाललेला व्यवहार पोलिसांपुढे ठेवला तर मालकालाच उत्तरे द्यावी लागतात.

वकील : म्हणून मग मालक स्वतःच न्यायाधीश होतो : नोकराला दुकानात बसवून ठेवले जाते, राहिलेला पगार अडकवला जातो, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली जाते. सालदाराच्या बाबतीत तर गुढीपाडव्याला घेतलेली उचल आणि चोरीचा आळ हे दोन्ही एकत्र जोडून त्याला आणखी एक साल राबवून घेतले जाते, आणि वेठबिगारी नष्ट करणारा १९७६ चा कायदा असतानाही हे घडू शकते. न्यायालयाची ७ वर्षे ज्याच्या वाट्याला कधी येत नाहीत, त्याला ही बाजारातली शिक्षा आधीच झालेली असते आणि तिच्याविरुद्ध अपील नसते. आणखी एक गोष्ट. नोकराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, हिस्सा कापून तो निधीत न भरणारा मालकसुद्धा न्यासभंगाचा गुन्हेगार ठरतो. १९७३ साली कलम ४०५ ला तसे स्पष्टीकरण जोडले गेले आणि नव्या संहितेतही ते आहे. पण त्याला लागू होते ते साध्या न्यासभंगाचे पोटकलम, ज्याची मर्यादा पूर्वी ३ वर्षे होती आणि आता ५ आहे. नोकराने मालकाचे खाल्ले तर ७ आणि मालकाने नोकराचे खाल्ले तर ५. विश्वासाचे माप एकच असेल, तर हे दोन आकडे वेगळे का?

या प्रश्नाला अडत्यांपाशी उत्तर नव्हते आणि संहितेपाशीही नाही. नोकर मालकाच्या विश्वासावर जितका अवलंबून असतो त्याहून कमी मालक नोकराच्या विश्वासावर असतो, असे फार तर म्हणता येईल. पण त्या युक्तिवादाने मालकाची मर्यादा कमी नव्हे, अधिक असायला हवी, कारण पीएफ कापला जातो तो नोकराच्या संमतीची वाट न पाहता आणि त्याचा हिशेब तपासण्याची ताकद नोकराजवळ जवळजवळ नसते.

संवाद शेवटी पुन्हा सरकीच्या पोत्यांवर आला. कलम ३०३ मधील सामुदायिक सेवेची तरतूद कलम ३०६ लाही जोडावी, अशी दुरुस्ती वकिलांनी सुचवली : रक्कम ५००० च्या आत, पहिलाच गुन्हा आणि माल परत. अडत्यांनी ती मान्य केली, पण दोन अटी घालून. ज्याच्या हाती गोदामाची किल्ली, तिजोरी किंवा हिशेबाची वही आहे त्याला ही सवलत मिळू नये; आणि अनेक दिवस थोडे थोडे नेणाऱ्याची एकूण रक्कम एकत्र मोजावी. वकिलांनी दुसरी अट तत्काळ स्वीकारली. पहिलीबाबत त्यांचे म्हणणे असे पडले की अकोल्याच्या काही अडतींवर गोदामाची किल्ली हमालांच्या मुकादमाकडेच असते आणि त्याची मजुरी इतरांपेक्षा थोडीशीच अधिक असते. तेव्हा किल्ली हाती असणे आणि अधिकार हाती असणे यांतला फरक न्यायाधीशाने प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे तपासावा. अडत्यांना ते पटले नाही.